डबा दिसतो, डबा करणारे हात दिसत नाहीत

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅम्पबेल कंपनीने टोमॅटो सूपचे बारा लाख डबे बाजारात आणले, त्यांची लेबलं अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या चित्रांवरून बेतलेली होती आणि एका डब्याची किंमत होती ७५ सेंट. म्हणजे बघा, १९६२ मध्ये एका चित्रकाराने कंपनीचा डबा उचलून कॅनव्हासवर नेला आणि बरोब्बर पन्नास वर्षांनी कंपनीने ते चित्र उचलून परत डब्यावर चिकटवलं. लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत ते ३२ कॅनव्हास पहिल्यांदा मांडले होते, एकेका चवीचा एकेक डबा, आणि तेव्हा एका चित्राची किंमत १०० डॉलर होती. कंपनी चिडली असेल असं आपल्याला वाटतं. पण १९६४ मध्येच कंपनीच्या मार्केटिंग मॅनेजरने वॉरहॉलला कौतुकाचं पत्र पाठवलं होतं, आणि तुम्हाला टोमॅटो सूप आवडतं असं कळलं म्हणून सोबत सूपची एक-दोन खोकीही धाडतो म्हणून कळवलं होतं.

माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं. ज्या चित्राला आपण गेली कित्येक वर्षं ग्राहकसंस्कृतीवरची टीका म्हणून शिकवतो, त्या चित्रावर कंपनी खूश होती. आता वॉरहॉलने स्वतः टीका केल्याचा दावा फारसा केलाच नव्हता, उलट मी वीस वर्षं दुपारी हेच सूप प्यायचो असं तो सांगायचा, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे, म्हणजे बघणारे, लिहिणारे, शिकवणारे, म्युझियममध्ये चित्राशेजारच्या पाट्या लिहिणारे, अशा सगळ्यांबद्दल. चित्रात एखादा ब्रँड दिसला, लोगो वाकडा केलेला दिसला, की लगेच आपण "भांडवलशाहीवर जळजळीत भाष्य" असं लिहून मोकळे होतो, आणि ते भाष्य नक्की कोणाला जळलं हे कोणी विचारत नाही.

लोगोचं काम काय असतं? नजरेस पडणं, लक्षात राहणं. तुम्ही तो प्रेमाने बघा नाहीतर रागाने, त्याचं काम होऊनच जातं. म्हणून लोगोची टवाळी करणारं काम ब्रँडला फारसं लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि बऱ्याचदा तर ते काम ब्रँडच्या हाती आयतं कोलीत देतं.

अमेरिकन कलावंत बार्बरा क्रूगरचं उदाहरण घ्या, कारण ती खरोखर टीका करत होती, तिच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. १९८७ चं तिचं ते प्रसिद्ध काम, काळापांढरा हात, हातात कार्ड, आणि लाल चौकोनात पांढऱ्या ठसठशीत तिरक्या अक्षरात लिहिलेलं की मी खरेदी करते म्हणून मी आहे. एका वाक्यात तिने माणसाची सगळी ओळख बिलावर आणून ठेवली. पुढे १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम नावाचं स्केटबोर्डवाल्यांचं दुकान निघालं आणि त्यांचा लोगो काय, तर लाल चौकोन, पांढरी ठसठशीत तिरकी अक्षरं, सरळसरळ क्रूगरच्या शैलीवरून उचललेला. खरेदीची खोड काढणारी अक्षरंच खरेदीसाठी रांगा लावायला लागली. वर २०१३ मध्ये याच सुप्रीमने आपल्या लोगोची मोडतोड केली म्हणून दुसऱ्या एका कपड्यांच्या ब्रँडवर एक कोटी डॉलरचा दावा ठोकला, तेव्हा क्रूगरने त्या सगळ्यांनाच जोकर म्हणून झापलं ते अगदी बरोबर केलं. पण २०२० मध्ये तो ब्रँड दोन अब्जांहून जास्त डॉलरला विकला गेला आणि क्रूगरची अक्षरं आज जगात बहुतेक लोक सुप्रीमची अक्षरं म्हणून ओळखतात. हे वाचून मला वाईट वाटतं, खरंच वाटतं, कारण यात तिची काहीच चूक नाही. तिने आपला माल इतका नीटस, इतका चटकन ओळखता येणारा बनवला की तो पळवायलाही तितकाच सोपा झाला.

मग टीका करायचीच नाही का? करायची, पण लोगोच्या मागे जाऊन करायची. वस्तू कोणी बनवली, कशी फिरली, कोणाच्या घरात साठली आणि शेवटी कुठे जाऊन पडली, या वाटेवर जे कलावंत गेले त्यांचं काम मला आजही टोचतं.

सगळ्यात आधी सिल्दो मेरेलेस आठवतो. ब्राझील, १९७०, लष्करी राजवट, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री. त्या वेळी कोका-कोलाच्या काचेच्या बाटल्या परत द्यायच्या असायच्या, रिकामी बाटली दुकानात, दुकानातून फॅक्टरीत, तिथे धुऊन परत भरून पुन्हा बाजारात. मेरेलेसने काय केलं, रिकाम्या बाटल्या घेतल्या आणि त्यावर कंपनीच्या छपाईसारख्याच पांढऱ्या बारीक अक्षरात मजकूर छापला, कुठे "यांकी गो होम" (अमेरिकनांनो, चालते व्हा), कुठे पेट्रोल बॉम्ब कसा बनवायचा त्याची कृती, आणि बाटल्या परत देऊन टाकल्या. आता यातली खुबी बघा. बाटली रिकामी असताना पारदर्शक काचेवरची पांढरी अक्षरं नजरेत भरतच नाहीत. बाटली भरली, मागे काळपट तपकिरी पेय आलं, की अक्षरं उठून दिसतात. म्हणजे निषेधाचा मजकूर वाचता येण्यासाठी लागणारी शाई कंपनीच भरणार, ट्रक कंपनीचे, वितरण कंपनीचं, आणि गिऱ्हाईक बाटली तोंडाला लावणार तेवढ्यात वाचणार. त्याने लोगोला हातसुद्धा लावला नाही. त्याने बाटलीचा प्रवास वापरला. ज्या देशात छापायला बंदी होती तिथे त्याला एक असं छापखान्याबाहेरचं जाळं सापडलं जे कोणी बंद करू शकत नव्हतं, कारण ते बंद केलं असतं तर धंदाच बंद पडला असता.

मला हे काम थोर वाटतं. आज त्या बाटल्या म्युझियममध्ये ओळीने उभ्या असतात, कमीजास्त भरलेल्या, कोणी पीत नाही, कोणी परत करत नाही, आणि खरं सांगायचं तर तिथे त्या कामातला जीव गेलेला असतो. पण कल्पना टिकून आहे.

दुसरं काम मायकेल लँडीचं, याबद्दल जरा सविस्तर सांगतो. फेब्रुवारी २००१, लंडन, ऑक्सफर्ड स्ट्रीट, म्हणजे खरेदीचा राजरस्ता. तिथलं एक बंद पडलेलं कपड्यांचं मोठं दुकान घेऊन लँडीने आत कन्व्हेयर बेल्ट बसवला, निळे ओव्हरऑल घातलेली माणसं कामाला ठेवली, आणि दोन आठवड्यांत आपल्या मालकीची एकूण एक वस्तू मोडून, फाडून, भुगा करून संपवली. ७,२२७ वस्तू, सगळ्यांची आधी नंबर टाकून यादी केलेली. मोजे, गाडी, पासपोर्ट, जन्माचा दाखला, प्रेमपत्रं, स्वतःची चित्रं, मित्रांनी दिलेली चित्रं. वस्तू बनवणाऱ्या फॅक्टरीत पट्ट्यावर सुटे भाग येतात आणि शेवटी वस्तू बाहेर पडते, इथे पट्ट्यावर वस्तू यायची आणि सुटे भाग होऊन बाहेर पडायची. स्क्रू वेगळे, प्लास्टिक वेगळं, कापड वेगळं. हजारो लोक बघायला आले, त्यातले कित्येक हातात खरेदीच्या पिशव्या घेऊन उभे.

पण मला सतत आठवतो तो एक कोट. लँडीच्या वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा जाड कोट. वडील अपघातात जायबंदी झालेले, नंतर त्यांना तो कोट अंगावर पेलवेना. हा कोट ट्रेमध्ये पडून पट्ट्यावर फिरत राहिला, फिरत राहिला, आणि अगदी शेवटी तोही गेला. सगळा मिळून पावणेसहा टनांच्या आसपास चुरा झाला आणि तो कचराभूमीत पुरला. विकला नाही, पिशव्यांत भरून "कलाकृती" म्हणून वाटला नाही. अंगावरच्या ओव्हरऑलशिवाय त्याच्याकडे काही उरलं नाही.

तो कोट बघताना (मी फोटोतच बघितलाय) लक्षात येतं की बाजारातून आलेली वस्तू बाजारातली राहत नाही. ती कधीतरी वडील होते. कुठल्याही जाहिरातीला आणि जाहिरातीची टर उडवणाऱ्या कुठल्याही पोस्टरला हे सांगता आलेलं नाही, आणि लँडीने ते एकही शब्द न लिहिता सांगितलं. आपल्याला वस्तूंचा हव्यास आहे एवढंच खरं नाही, आपण वस्तूंमध्ये माणसं साठवतो, आणि ब्रँड नेमके त्यावरच जगतात.

आणि याच्या अगदी उलट टोकाचं काम चीनच्या सोंग दोंगचं. त्याच्या आईने टंचाईच्या काळाची धास्ती घेऊन जन्मभर काहीही फेकलं नव्हतं. साबणाच्या वड्या, टूथपेस्टच्या पिळून संपलेल्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, चपला, कापडाचे तुकडे. नवरा गेल्यावर तर साठवणं आणखीनच वाढलं. २००५ मध्ये बीजिंगमध्ये मायलेकांनी मिळून त्या दहा हजारांहून जास्त वस्तू हॉलभर ओळीने, वर्गवारी लावून मांडल्या. आईने स्वतः बसून मांडल्या. लँडीने सगळं मोडलं, या माउलीने सगळं जपलं, आणि दोन्हीकडे तुम्ही तासभर उभं राहिलात तर हिशेब एकच निघतो, की एका माणसाच्या आयुष्यातून किती माल जातो. सोंग दोंगच्या कामात तर एकही ब्रँड बदनाम केलेला नाही. तरी माझ्या मते मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाबद्दल त्या टूथपेस्टच्या नळ्या जे बोलतात ते शंभर वाकडे लोगो बोलत नाहीत.

बरं, बनवणारे? हा मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित. वॉरहॉलचंच घ्या परत. १९६४ ची त्याची ब्रिलो साबणाची खोकी जगभर गाजली, त्यावर तत्त्वज्ञानाचे निबंध लिहिले गेले, पण ते मूळ खोकं, त्यावरची ती लाल-निळी लाटेसारखी रचना, ती केली होती जेम्स हार्वी नावाच्या माणसाने. हार्वी स्वतः अमूर्त चित्रं काढणारा चित्रकार, पोटापाण्यासाठी पॅकेजिंगचं डिझाइन करायचा. १९६५ मध्ये तो वारला. ज्याने खोकं बनवलं तो विसरला गेला आणि ज्याने खोक्याची नक्कल केली तो अमर झाला. ही काही वॉरहॉलची लबाडी नव्हे, पण कलेच्या जगानेही तेच केलं जे ब्रँड करतो, करणाऱ्याचं नाव पुसून वर एकच मोठं नाव छापलं.

मायकेल वुल्फ या फोटोग्राफरने २००४ च्या सुमारास या पुसलेल्या माणसांना परत आणायचा प्रयत्न केला. त्याने कॅलिफोर्नियातल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून चीनमध्ये बनलेली वीस हजारांवर प्लास्टिकची खेळणी गोळा केली आणि भिंती त्यांनीच मढवून टाकल्या, आणि त्या खेळण्यांच्या गर्दीमध्ये जागा ठेवून चीनमधल्या खेळण्यांच्या फॅक्टऱ्यांतल्या कामगारांचे फोटो लावले. रंगीबेरंगी बाहुल्या, बदकं, गाड्या, आणि मधेच एक तरुण मुलगी कामाच्या जागेवरून थेट तुमच्याकडे बघतेय. ब्रँडचं नाव शोधायची गरजच पडत नाही.

आणि मग चिनी कलावंत आय वेईवेईच्या सूर्यफुलाच्या बिया. लंडनच्या टेट मॉडर्न या म्युझियमच्या मोठ्या हॉलमध्ये, ऑक्टोबर २०१०. दहा कोटी बिया, सगळ्या पोर्सेलिनच्या, जिंगदेझेन या शतकानुशतकं चिनी मातीची भांडी घडवणाऱ्या शहरातल्या १,६०० कारागिरांनी दोन-अडीच वर्षं खपून बनवलेल्या, प्रत्येक बी ब्रशने हाताने रंगवलेली. लांबून राखाडी खडी वाटते. हातात घेतली की कळतं की प्रत्येकीवरची रेघ वेगळी आहे. "मेड इन चायना" या शिक्क्यामागे किती हात असतात हे असं कोणी तोवर दाखवलं नव्हतं. सुरुवातीला लोक त्यावर चालत होते, लोळत होते, पण दोन-तीन दिवसांतच चिनी मातीची धूळ उडून श्वासातून जाण्याचा धोका आहे म्हणून ते बंद करावं लागलं. माझ्या डोक्यात तेव्हापासून एक प्रश्न बसलाय, की बघणाऱ्यांना दोन दिवसांच्या धुळीपासून वाचवलं ते योग्यच, पण अशा मातीच्या धुळीत जगभर लाखो माणसं रोज काम करतात, त्यांच्यासाठी हॉल कोण बंद करतं?

ही मांडणी ज्या मालिकेत झाली तिचं नाव होतं युनिलिव्हर सिरीज, म्हणजे पैसे देणारी साबण-शाम्पू-चहा विकणारी जगातली एक अवाढव्य कंपनी. यावर काहीजण म्हणतात की झालं, संपला विषय, सगळं एकाच माळेचे मणी. मला तसं वाटत नाही. कंपनीचा पैसा घेतला म्हणून त्या १,६०० हातांचं काम खोटं ठरत नाही. पण पैसा किती, कोणत्या अटीवर, हे बघणाऱ्याला माहीत पाहिजे. याच टेटला तेल कंपनी बीपीकडून किती पैसे मिळतात हे सांगायला संस्थेने किती वर्षं टाळाटाळ केली, शेवटी माहितीच्या कायद्याखाली भांडून २०१५ मध्ये आकडा बाहेर काढावा लागला, आणि तो निघाला १९९० ते २००६ या काळात वर्षाला सरासरी २,२४,००० पाउंड. एवढ्या मोठ्या संस्थेच्या मानाने ही रक्कम फार मोठी नाही, आणि इतक्या स्वस्तात इतकी वर्षं कंपनीचं नाव कलेच्या शेजारी झळकत राहिलं. पुढे २०१६ मध्ये ते नातं संपत असल्याचं जाहीर झालं, कलावंतांनी आत घुसून केलेल्या निषेधांनंतर.

आता कायद्याचं. कंपन्या हसतात कधी आणि कोर्टात जातात कधी, हे बघितलं की कुठलं काम लागलं ते कळतं. टेक्सासच्या वाळवंटी रस्त्याकडेला २००५ मध्ये एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या कलावंत जोडीने प्राडा या महागड्या फॅशन ब्रँडचं खोटं दुकान उभं केलं, कधीच न उघडणारं, आत खरे बूट आणि खऱ्या बॅगा, त्याही कंपनीनेच दिलेल्या. २०१३ मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने हे रस्त्यालगतचं बेकायदा जाहिरातफलक आहे असं ठरवलं आणि २०१४ मध्ये त्याला म्युझियम म्हणवून घेऊन ते वाचवावं लागलं. माझ्या मते खात्याची शंका अगदी रास्त होती. टीका आणि जाहिरात यात फरक सरकारी माणसाला दिसला नाही, कारण तो फारसा नव्हताच.

उलट नादिया प्लेसनर या चित्रकर्तीचं बघा. तिने सुदानच्या दारफूरमधल्या उपासमारीने खंगलेल्या एका मुलाचं चित्र काढलं, हातात छोटं कुत्रं आणि लुई व्हिटॉनच्या धर्तीची महागडी बॅग. प्रसिद्धी कोणाला मिळते आणि मरतं कोण, एवढंच तिला म्हणायचं होतं. कंपनी कोर्टात गेली, २०११ च्या सुरुवातीला हेगच्या कोर्टाने दिवसाला ५,००० युरो दंडाची टांगती तलवार ठेवली, आणि ती लढली म्हणून मे २०११ मध्ये तोच आदेश फिरला. तसंच टॉम फॉर्साइथचं, त्याने बार्बी बाहुल्या स्वयंपाकघरातल्या यंत्रांत घालून फोटो काढले, त्यातून त्याची एकूण कमाई चार हजार डॉलरसुद्धा नव्हती, तरी बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने त्याला वर्षानुवर्षं कोर्टात खेचलं. २००३ मध्ये अपील कोर्टात तो जिंकला आणि २००४ मध्ये मॅटेलला त्याच्या बाजूच्या खर्चापोटी अठरा लाख डॉलरच्या वर भरायला सांगितलं गेलं. हे दोघं जिंकले म्हणून आपल्याला माहीत आहेत. पहिल्याच नोटिशीला घाबरून ज्यांनी चित्र भिंतीवरून उतरवलं त्यांची नावं कोणाला कळणार? म्हणून ट्रेडमार्कच्या नावाखाली टीका दाबणाऱ्या दाव्यांना सुरुवातीलाच चाप बसला पाहिजे आणि हरणाऱ्या कंपनीने सगळा खर्च भरलाच पाहिजे, अपवाद म्हणून नको, रीत म्हणून हवं.

कलावंताने असं काही बांधून घेऊ नये, कला म्हणजे पत्रक नव्हे, असा एक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. वुल्फने, लँडीने, सोंग दोंगने पत्रक काढलंच नाही. ते फक्त वस्तूजवळ जास्त वेळ थांबले. मी एवढंच म्हणतोय की आपणही थोडं जास्त थांबूया, आणि "भाष्य" हा शब्द वापरण्यापूर्वी बघूया की यात फॅक्टरी आहे का, कचरा आहे का, माणूस आहे का.

माझ्याकडे एक कप आहे, एका म्युझियमच्या दुकानातून घेतलेला, त्यावर खरेदीच्या वेडावर टीका करणारं एक वाक्य छापलंय. काल धुताना उलटा केला तर तळाशी देशाचं नाव, मायक्रोवेव्हची सूचना आणि म्युझियमचा शिक्का. कोणी केला, कुठल्या भट्टीत, किती मजुरीवर, काही नाही. ज्या संस्थेने आत हॉलमध्ये कामगारांचे फोटो लावायचे, तिने बाहेर दुकानात हे विकायचं, हे मला पटत नाही. सुरुवात तिथूनच करता येईल. प्रत्येक मोठ्या कलाकृतीशेजारी पाटीवर प्रायोजकाचं नाव आणि रक्कम लिहा, ती हाताने घडवणाऱ्यांना काय मिळालं ते लिहा, आणि त्यांची नावं लिहा. जागेची अडचण सांगू नका, टेटचा तो हॉल दीडशे मीटर लांब आहे, १,६०० नावं त्याच्या एका भिंतीवर बसतात.